सांगणारी एक, लिहिणाऱ्या तिघी

काही वर्षांपूर्वी माझी एक कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात वेंगुर्ल्याकडून मुंबईस आलेली आणि चार घरची धुणीभांडी करणारी एक प्रौढ बाई आहे. तिच्या तोंडी मी ‘व्हय जी’, ‘न्हाई जी’ अशी भाषा घातली होती. त्या संवादांना मातीचा वास आहे म्हणून दोघा-तिघा परीक्षणकारांनी शाबासकी दिली, आणि मीही मनातून फुलून गेले. मग एके दिवशी वेंगुर्ल्याहून एका वाचक भगिनीचे पत्र आले. पत्र अगदी लहान. आमच्याकडे असे कोणीही बोलत नाही, ही भाषा तुम्ही कोठून आणली, एवढेच तिने विचारले होते. मी विचार करू लागले तेव्हा ध्यानात आले, की ती मी नाटकांतून आणि चित्रपटांतून उचलली होती. गरीब आणि निरक्षर माणूस रंगवायचे म्हणजे त्याची भाषा हीच, असे माझ्या लेखणीने मला न विचारताच ठरवून टाकले होते.

ही कबुली आरंभीच दिली, कारण आज ज्या बाईच्या पुस्तकाविषयी लिहायचे आहे तिच्यावर हाच प्रसंग तिच्या हयातीत गुदरला. तिचे नाव सोजर्नर ट्रूथ. सोजर्नर म्हणजे ठिकठिकाणी मुक्काम करीत जाणारी पांथस्थ, आणि ट्रूथ म्हणजे सत्य. हे नाव तिने १ जून १८४३ रोजी स्वतःचे स्वतः ठेवले. त्यापूर्वी ती नुसती इझाबेला होती. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, अल्स्टर परगण्यात, १७९७ च्या सुमारास ती गुलाम आईबापांच्या पोटी जन्मली. मरेपर्यंत तिला लिहितावाचता आले नाही. १८५० साली प्रसिद्ध झालेले तिचे ‘नॅरेटिव्ह ऑफ सोजर्नर ट्रूथ’ हे पुस्तक तिने सांगितले आणि ऑलिव्ह गिल्बर्ट नावाच्या एका गोऱ्या बाईने लिहिले. पुढे १८६३ साली आणखी दोघींनी तिच्याविषयी लिहिले: एक ‘अंकल टॉम्स केबिन’ची जगप्रसिद्ध लेखिका हॅरिएट बीचर स्टो, आणि दुसरी फ्रान्सिस गेज. तिघीही भल्या होत्या, तिघीही गुलामगिरीच्या वैरी होत्या. तरी या तिघींच्या लेखणीतून इझाबेला कितपत सुटली आणि कितपत अडकली, हा प्रश्न मला त्या पत्रापासून छळतो आहे.

गुलामगिरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दक्षिणेकडले कापसाचे मळे उभे राहतात. इझाबेलाची गुलामगिरी उत्तरेकडली होती. थंडीची, बर्फाची, डच शेतकऱ्यांच्या घरातली. तिची मातृभाषाच डच. नवव्या वर्षापर्यंत इंग्रजीचा एक शब्द तिला येत नव्हता. १८०६ साली मालकाच्या मृत्यूनंतर लिलाव झाला, तेव्हा मेंढरांच्या एका कळपासह ती शंभर डॉलरांना विकली गेली. नवा मालक इंग्रजी बोलणारा. मालकीणबाईने कढई मागावी आणि या पोरीने चुलीवर भांडी टांगण्याचे आकडे आणून द्यावेत, असे चाले. आणि प्रत्येक चुकीपायी मार. भाषा येत नाही म्हणून शाळेत मार खाल्लेली मुले मी पाहिली आहेत. पण एका रविवारी सकाळी कोठारात नेऊन विस्तवावर शेकलेल्या काठ्यांच्या जुडीने तिला जे झोडपले, ते वाचताना पुस्तक मिटावेसे वाटते.

गिल्बर्टबाईंचे पुस्तक तृतीयपुरुषी आहे. ‘इझाबेलाने असे केले, इझाबेलाला असे वाटले’ अशी त्याची चाल. हकीकत रंगात येत आहे तोच बाई मध्येच थांबतात आणि गुलामगिरीच्या पापावर प्रवचन सुरू करतात. प्रवचन खरे असते, पण आपण तेव्हा त्या पोरीच्या मागोमाग चाललेलो असतो आणि बाई आपला पदर धरून थांबवतात. काही गोष्टी तर आपण सभ्यतेपोटी गाळल्या आहेत, असे त्या स्वतःच सांगतात. त्या कोणत्या, ते इझाबेलाला ठाऊक आणि त्यांना ठाऊक.

असे असूनही हे पुस्तक हाती धरवत नाही म्हणून खाली ठेवावे तर तेही जमत नाही, कारण काही जागी निवेदिका गप्प बसली आहे. एकच जागा सांगते. इझाबेला तान्ही असताना तिच्या आईची दोन मुले विकली गेली होती: पाच वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी. आई ही गोष्ट मुलांना पुन्हापुन्हा सांगे. बर्फाचे दिवस होते. मुलगा भल्या पहाटे उठला, त्याने आईसाठी चूल पेटवली आणि दाराशी बर्फावरची घसरगाडी उभी पाहिली. ती पाहून तो आनंदला. त्याला गाडीत बसवले गेले. मग गाडीतल्या पेटीत आपल्या धाकट्या बहिणीला कोंडताना त्याने पाहिले. तत्क्षणी त्याला सारे उमगले. तो उतरून घरात पळाला आणि पलंगाखाली लपला. अर्थात लपण्याचा काही उपयोग झाला नाही. येथे गिल्बर्टबाईंना टीका सुचली नाही, किंवा सुचली असून त्यांनी ती आवरली. काही असो, मी त्यांची ऋणी आहे. आधी गाडी पाहून झालेला आनंद आणि मग पलंगाखालचा काळोख, ही जोडी कोणा कादंबरीकाराला घरात बसून सुचणार नाही. हे त्या आईचे सांगणे आहे, तिच्याकडून लेकीकडे आलेले, आणि लेखनिकेच्या हातून ते न सांडता आपल्यापर्यंत पोचले आहे.

दुसरी एक गोष्ट वाचकांना थोडी खटकेल, पण तीच मला या पुस्तकाच्या खरेपणाची खूण वाटते. इझाबेलाचा शेवटचा मालक जॉन ड्यूमाँट. त्याच्याकडे ती १८१० पासून होती. त्याची मर्जी राखण्यासाठी ती रात्ररात्र जागून राबे आणि त्याचा तिला अभिमान वाटे. इतका, की बरोबरीचे गुलाम तिला टोमणे मारीत. आम्हां कादंबरीकारांना बंडखोर नायिका पहिल्या प्रकरणापासून बंडखोर लागते. ही बाई तशी नव्हती, आणि तसे तिने लपवलेही नाही. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने ४ जुलै १८२७ रोजी उरलेसुरले गुलाम मोकळे व्हायचे होते. नीट काम केलेस तर एक वर्ष आधी सोडीन, असे ड्यूमाँटने तिला वचन दिले आणि मुदत येताच ते मोडले. तुझा हात दुखावला होता, तेव्हा काम कमी झाले, ही सबब. यावर इझाबेलाने काय करावे? ती तडक निघून गेली नाही. मालकाची सुमारे शंभर पौंड लोकर कातायची राहिली होती, ती तिने आधी कातून दिली. आपल्या हिशेबाने देणे फिटले, तेव्हा १८२६ च्या अखेरीस एका पहाटे, एका हातावर तान्ही मुलगी आणि दुसऱ्या हातात रुमालात बांधलेले कपडे घेऊन, ती चालू लागली. रात्री जायची तिला भीती वाटे आणि दिवसा लोक पाहतील, म्हणून तिने उजाडण्याच्या जरा आधीची वेळ निवडली. ड्यूमाँट शोधत आला, तेव्हा आपण पळालो नसून चालत निघून आलो, असे तिने त्याला ऐकवले. जवळच्या व्हॅन वॅगनेन कुटुंबाने तिचे उरलेले वर्ष वीस डॉलरांना आणि तान्हीचे पाच डॉलरांना विकत घेऊन तिला आसरा दिला, आणि आम्हांला मालक म्हणू नकोस असे बजावले.

त्या सुमारास तिचा मुलगा पीटर, वय वर्षे पाच, हातोहात विकला जाऊन दूर दक्षिणेत आलाबामात पोचला होता. राज्याबाहेर अशी विक्री करणे बेकायदा होते. इझाबेला जुन्या मालकिणीकडे गेली. एवढ्याशा पोरापायी काय हा आकांत, असे तिने हिणवले. मग ही अनवाणी, निरक्षर बाई अनोळखी लोकांची दारे ठोठावीत किंग्स्टनच्या कचेरीत उभी राहिली. शपथेसाठी हाती पुस्तक दिले, तेव्हा तिने ते ओठांना लावून, हे मूल माझेच आहे असे म्हणायला सुरुवात केली. कारकून खो खो हसला. तरी फिर्याद उभी राहिली आणि १८२८ साली न्यायाधीशाने पीटर तिच्या स्वाधीन केला. गोऱ्या पुरुषाविरुद्ध काळ्या स्त्रीने न्यायालयात मिळवलेल्या पहिल्या काही जयांपैकी हा एक. या खटल्याची मूळ कागदपत्रे न्यूयॉर्कच्या राज्य दप्तरखान्यात २०२२ साली सापडली.

मुलगा परत आला तो आईला ओळखीनासा झालेला आणि पाठीवर वळच वळ. ते पाहून तिने देवाकडे मागणे केले, की ज्यांनी हे केले त्यांना याच्या दुप्पट दे. काही काळाने बातमी आली, की पीटरला छळणाऱ्या त्या आलाबामाच्या मालकाने स्वतःच्या बायकोचा खून केला. ती बायको म्हणजे पीटरला तिकडे पाठवणाऱ्याची सख्खी बहीण. पत्र वाचले जात असताना इझाबेला ऐकत होती. तिला आनंद झाला नाही. ती हादरली, आणि इतके काही मी मागितले नव्हते, असे ती देवाला कळवळून म्हणाली. शाप खरा ठरल्यावर तळतळणारी बाई आपल्या कथाकादंबऱ्यांत मी फारशी पाहिलेली नाही. आपण शाप खरा ठरवतो आणि वाचकाकडून टाळ्या घेतो.

आता १८५१ च्या त्या प्रसिद्ध भाषणाकडे येते. ओहायो राज्यातील ॲक्रन गावी मे महिन्याच्या अखेरीस स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली होती. तेथे सोजर्नर बोलली. तिचे मित्र मेरियस रॉबिन्सन परिषदेत होते. त्यांनी आपल्या ‘अँटी-स्लेव्हरी ब्यूगल’ या पत्रात २१ जून १८५१ रोजी, म्हणजे महिन्याभरातच, त्या भाषणाचा वृत्तांत छापला. आरंभीच त्यांनी कबूल केले, की हे भाषण कागदावर उतरवणे अशक्य आहे. तिची ती देहयष्टी, हातवारे आणि आवाज ज्यांनी अनुभवला त्यांनाच ते कळेल. मला हा लेखनिक फार आवडतो. आपल्या लेखणीला काय जमणार नाही ते त्याला ठाऊक आहे.

रॉबिन्सनच्या वृत्तांतातली सोजर्नर शेतकरीण आहे. मी नांगरले आहे, कापणी केली आहे, लाकडे फोडली आहेत, आणि मिळाले तर पुरुषाइतके खाऊही शकते, असे ती सांगते. बुद्धीचे म्हणाल तर पुरुषाचे भांडे शेराचे आणि बाईचे अच्छेराचे असेल. मग बाईचे अच्छेर तरी भरू द्या ना! आम्ही जास्त घेऊ अशी धास्ती कशाला, अच्छेरात अच्छेरच मावणार. मला वाचता येत नाही, पण ऐकू येते, असे सांगून ती बायबलाकडे वळते. हव्वेने जर जग उलटे केले असेल, तर ते सुलटे करण्याची संधी बाईला द्या. येशू जगात आला तो देवाकडून आणि एका बाईच्या पोटी. त्यात पुरुषाचा वाटा कुठे आला? शेवटी ती पुरुषांची कीव करते: एका बाजूने गुलाम अंगावर येतो आहे, दुसऱ्या बाजूने बाई; ससाणा आणि गिधाड यांच्या मध्ये सापडलेल्या पाखरासारखी बिचाऱ्यांची गत. या भाषणात आक्रोश नाही. बाजारात माप पारखून घेणाऱ्या बाईचा हजरजबाबीपणा आहे.

आणि जगाला पाठ असलेले भाषण ते हे नव्हे. ते फ्रान्सिस गेज यांनी बारा वर्षांनी, १८६३ साली, न्यूयॉर्कच्या ‘इंडिपेंडंट’मध्ये छापलेले. गेजबाई त्या परिषदेच्या अध्यक्षा होत्या, म्हणजे त्यांनी ते कानांनी ऐकले होते. त्यांच्या लेखात सभा खवळलेली आहे, या काळ्या बाईला बोलू देऊ नका म्हणून कुजबुज चालली आहे, आणि मग नायिका उठते आणि सभा जिंकते. मी बाई नाही काय, हा सवाल ती पुन्हापुन्हा विचारते. १८५१ च्या वृत्तांतात हा सवाल एकदाही नाही, आणि खवळलेली सभाही नाही. गेजबाईंनी तिच्या तोंडी दक्षिणेकडल्या मळ्यांवरच्या गुलामांची बोली घातली. डच बोलत वाढलेल्या न्यूयॉर्कच्या बाईला ती बोली येणार कोठून? माझ्या वेंगुर्ल्याच्या बाईचे ‘व्हय जी’ ते हेच. मला आनंद झाला असे नाही, पण आपण एकट्या नाही एवढे कळले.

भाषेचा दोष मी एक वेळ पोटात घालीन. दुसरा दोष मोठा आहे. गेजबाईंच्या लेखात सोजर्नर आपली तेरा मुले झाल्याचे आणि बहुतेक सारी विकली गेल्याचे सांगते. आईच्या दुःखाने आक्रोश केला तेव्हा येशूवाचून कोणी ऐकले नाही, असे म्हणते. तिला मुले पाच. आणि कोणी ऐकले नाही? किंग्स्टनच्या न्यायाधीशाने ऐकले! तिने ऐकायला भाग पाडले. एका मुलासाठी अनवाणी चालत जाऊन कायद्याकडून त्याला परत आणणारी आई गेजबाईंच्या हाती सापडली होती. तिला पुसून त्यांनी तेरा मुलांची रडणारी आई उभी केली, कारण सभेला रडवायला ती अधिक सोयीची. तीव्र दुःख दाखवायचे म्हणून तिची करणीच काढून घेतली. नेल अर्विन पेंटर या इतिहासकार बाईंनी १९९६ साली सोजर्नरचे चरित्र लिहिले, त्यात गेजबाईंच्या या वृत्तांताची चांगली झडती घेतली आहे. पण पाठ झालेली गोष्ट विसरणे कठीण. १८८१ साली स्त्रियांच्या मताधिकाराच्या इतिहासात तीच छापली गेली आणि पुढे तीच चालली.

स्टोबाईंचे प्रकरण याहून गंमतीचे. एप्रिल १८६३ च्या ‘अटलांटिक मंथली’त त्यांनी सोजर्नरवर लेख लिहिला, तिला आफ्रिकेतून आलेली ठरवली, प्राचीन काळच्या भविष्यवादिनीची उपमा दिली, आणि ती जग सोडून गेल्याचे हळहळून सांगितले. सोजर्नर त्यानंतर वीस वर्षे जगली. गेजबाईंचा लेख आला तो हा लेख गाजल्यावर महिन्याभराच्या आत. सोजर्नरने यावर बॉस्टनच्या एका पत्राला जे कळवले ते वाचण्याजोगे आहे. स्टोबाईंचा लेख सर्वस्वी बरोबर नाही, लोकांना मी ‘हनी’ म्हणते असे त्यांनी दाखवले आहे, पण तो शब्द मी कधी वापरीत नाही, असे तिने सांगितले. आणि माझी खरी हकीकत हवी तर माझ्या पुस्तकात आहे, अशी पुस्तीही जोडली. म्हणजे ज्या गिल्बर्टबाईंच्या प्रवचनांवर मी वैतागते, त्यांच्या बाजूने खुद्द सोजर्नरची साक्ष आहे. समीक्षकाने अशा वेळी दोन पावले मागे घ्यावीत, आणि मी ती घेते. तथापि १८७५ च्या आवृत्तीत तिच्या स्नेही फ्रान्सिस टायटस यांनी स्टो आणि गेज या दोघींचे लेखही त्याच पुस्तकाला जोडून दिले. पुस्तक विकून तिचे पोट भरे, आणि प्रसिद्ध नावांनी पुस्तक खपते. त्या काळी पंचवीस सेंटांना ते विकत ती गावोगाव हिंडली आणि त्यातूनच घरावरचे कर्ज फेडले. तिला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही.

लेखणी हाती नसली तरी एक गोष्ट तिने हाती ठेवली होती. ती स्वतःची छायाचित्रे विकू लागली आणि १८६४ साली त्यांचा हक्क स्वतःच्या नावे नोंदवून घेतला. चष्मा, पांढरी शाल, नीटनेटका पोशाख, हाती विणकाम. फाटक्या वस्त्रांतली केविलवाणी गुलाम त्यात कोठेही नाही. आपण कसे दिसावे हे जेथे तिने ठरवले, तेथे ती अशी दिसते.

आपल्याकडे १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना ती अर्पण केली. तेव्हा सोजर्नर हयात होती. मुक्त झालेल्या गुलामांना पश्चिमेकडे सरकारी जमीन मिळावी म्हणून अर्जावर सह्या गोळा करण्याचा खटाटोप तिने थोडे आधी केला होता, आणि १८७२ साली बॅटल क्रीक गावी मत द्यायला जाऊन ती परत पाठवली गेली होती. फुल्यांच्या त्या अर्पणपत्रिकेत तिचे नाव नाही, असण्याचे कारणही नाही. परंतु ते सज्जन म्हणजे केवळ गोरे उपकारकर्ते असे समजून मी ते पान कितीदा वाचले होते. लोकर कातून देऊन पहाटे निघालेली ही बाई त्यांत मोजायची असते, हे मला फार उशिरा सुचले.

पुस्तकातली एक लहानशी गोष्ट राहिली. सोजर्नरला बायबल ऐकायची आवड होती. पण ती मोठ्या माणसांकडून वाचून घेणे टाळी, कारण मोठी माणसे वाचता वाचता अर्थ सांगू लागत. ती मुलांना वाचायला बसवी. मुले एकच वाक्य ती म्हणेल तितक्यांदा वाचत आणि स्वतःचे काही घालीत नसत. अर्थ काय तो तिचा ती लावी. गिल्बर्टबाईंनी हे टिपून ठेवले, आणि पुढल्याच पानांवर पुन्हा अर्थ सांगायला बसल्या! वर्गात धडा वाचून घेताना मीही तेच करते, म्हणून फार हसत नाही.

दिवाळीच्या सुटीत कोणाला हे पुस्तक मिळाले तर माझी एवढीच विनंती. आधी रॉबिन्सनचा वृत्तांत शोधून वाचा. पाच मिनिटांचे काम आहे. घरात वाचायला शिकलेले मूल असेल तर त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. मग पुस्तक घ्या. प्रवचने वगळली तरी चालेल. घसरगाडीची गोष्ट मात्र वगळू नका, आणि लोकर कातण्याची.